दोन तास पस्तीस मिनिटं

विमानाने धावपट्टी सोडल्याचं फोनवर दिसताच विभावरीने पलंगाखालची बॅग बाहेर ओढली. म्युनिक ते हेलसिंकी, दीड हजारावर किलोमीटर, दोन तास पस्तीस मिनिटं. तेवढा वेळ नवऱ्याचा, चारुदत्तचा फोन बंद असणार होता.

एरवी तो तासातासाला फोन करायचा. कुठे आहेस, कुणाबरोबर आहेस, मागे आवाज कुणाचा येतोय. तिचा फोन कुठे फिरतोय हे त्याला ऑफिसात बसून दिसायचं. दिसलेलं आवडलं नाही, की संध्याकाळी तो आधी खिडक्या लावून घ्यायचा. कंपनीच्या कामासाठी त्याच्या हेलसिंकीच्या फेऱ्या सुरू झाल्या, तेव्हा पहिल्या खेपेला त्या अडीच तासांत ती नुसती बाल्कनीत बसून राहिली होती. दुसऱ्या खेपेला ती समुपदेशन केंद्रात जाऊन आली. तिथल्या बाईंनी न्युरेम्बर्गला मायलेकींसाठी एक खोली मिळवून दिली. त्या खोलीचा पत्ता कुणालाही सांगायचा नव्हता.

पाच वर्षांची ईप्सिता बूट घालून दारात उभी होती.

"कॉम्ट पापा आउख?" पापाही येतोय का, असं तिने जर्मनमध्ये विचारलं.

"नाही, बाबा नाही येत."

ते ऐकून मुलीने जॅकेटची चेन स्वतःच गळ्यापर्यंत ओढून घेतली.

आता उरल्या होत्या सासूबाई. पुण्याहून येऊन त्यांना तीन आठवडे झाले होते आणि एवढ्या दिवसांत त्या कशालाच काही बोलल्या नव्हत्या. शोभनाताई स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होत्या.

"आई, हिला जरा डॉक्टरांकडे नेऊन आणते."

त्यांनी बॅगेकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"किती वेळ आहे तुझ्यापाशी?"

"अडीच तास. थोडे कमीच."

"नशीब तुझं," त्या म्हणाल्या. "तुझे सासरे कधी विमानाने गेलेच नाहीत."

पदराला हात पुसत त्या उठल्या. "फोन इथेच ठेव."

तिने फोन टेबलावर ठेवला आणि तो वाजला. चारुदत्त.

शोभनाताईंनी फोन उचलून स्पीकर लावला आणि "हॅलो" म्हटलं.

"आई? तिला दे."

"आंघोळीला गेलीये. तू विमानात नाहीस?"

"नाही बसलो. सकाळी तिचा चेहरा बघितला आणि वाटलं, आज घरी थांबावं." त्याचा आवाज अगदी शांत होता. "ओस्टबानहोफ स्टेशन आलंय. वीस मिनिटांत पोचतो. तिला सांगू नकोस."

"मग तिथेच उतर आणि कढीपत्ता घेऊन ये. आमटी करायचीय."

पलीकडे गाडीचे दरवाजे मिटल्याचा आवाज आला.

"नंतर बघू, आई."

फोन बंद झाला. विभावरीने सासूबाईंचा हात धरला. "तुम्हीही चला."

"या गुडघ्यांनी मला धावता येतंय होय? निघ. लिफ्टची वाट बघू नकोस."

त्यांनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दोघींना दाराबाहेर काढलं.

एक मजला उतरेपर्यंत वर साखळी सरकल्याचं ऐकू आलं. मग बुटांचं जड कपाट फरशीवरून थांबत थांबत दाराकडे ओढलं जाऊ लागलं.