वरून ओढलेलं तेल

माणूस वाकायचं सोडून ताठ उभा राहिला, त्या दिवशी संस्कृतीचा जन्म झाला, असं तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांचं ठाम मत होतं. हे मत त्यांची कंबर धरल्यापासूनचं. त्याआधी या विषयावर त्यांचं काहीच म्हणणं नव्हतं.

गाडीच्या पोटाखाली शिरून बोल्ट सोडायचा आणि काळं तेल कोपरापर्यंत ओघळू द्यायचं, हा त्यांच्या लेखी गुहेतला उद्योग होता. तो उद्योग त्यांचे मेहुणे करत. मेहुणे म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. तीस वर्षं गॅरेज चालवणाऱ्या या गृहस्थांना सगळं घर दादा म्हणे. प्राध्यापकही म्हणत, पण विटाळ होऊ नये इतक्या अंतरावरून.

म्हणून त्यांनी यंत्र मागवलं. हातपंप बसवलेली एक पिंपवजा बाटली आणि तिला लांबलचक नळी. तेलाची पातळी बघायची पट्टी उपसायची, त्या भोकातून नळी आत सोडायची, पंप मारायचा. तेल आपल्या पायांनी वर येतं. बायकोने खोकं उघडल्या उघडल्या त्याचं नाव सोंड ठेवलं.

"अगं, ही सोंड नाही. यात निर्वात पोकळी असते."

"असू दे की. पण आज नको. मला अकराला मुलाखत आहे."

ती इस्पितळात परिचारिका होती. मेट्रनच्या जागेसाठी पन्नाशीच्या आत मिळणारी ही शेवटची मुलाखत, आणि ठिकाण वीस किलोमीटरवर. पावणेदहाला निघायलाच हवं होतं.

"आजच हवं," प्राध्यापक म्हणाले. "ताज्या तेलावर गाडी कशी पळेल बघ. व्हिडिओत अकरा मिनिटं लागतात."

"अहो, पण दादा म्हणत होता की तेल..."

"दादा म्हणणारच. त्यांचं पोट त्यावर आहे."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. ती कपड्यांना इस्त्री करायला गेली.

आठ वाजता प्राध्यापकांनी पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे इंजिन चालू करून तापवलं, बंद केलं आणि झाकण उघडलं. आत दोन पट्ट्या होत्या. एक पुढे, पिवळ्या मुठीची. एक मागे, काळ्या मुठीची. व्हिडिओत एकच होती. पिवळ्या भोकात नळी अडखळली, मागच्या भोकात सुळकन गेली. पुढची पट्टी जादाची असावी, असं त्यांनी ठरवलं आणि पंप मारला.

तेल आलं. काळं नाही, लालसर. पातळ, नितळ, पेल्यात ओतून पाहुण्यापुढे ठेवावं असं.

दुसरा कोणी असता तर थबकला असता. प्राध्यापक सुखावले. नीट राखलेल्या गाडीचं तेल स्वच्छ राहतं. हे तेल स्वच्छ आहे. म्हणजे गाडी नीट राखलेली आहे. ती राखतो कोण? पहिल्या वर्षाच्या मुलांना ते नेमक्या याच चुकीबद्दल नापास करत असत.

"अगं, ये बघायला! एक थेंब सांडला नाही. तुझ्या दादांना म्हणावं, फरशी बघून जा."

"नऊ वाजले," आतून उत्तर आलं.

मग त्यांनी पाच लिटरच्या डब्यातलं चार लिटर नवं तेल इंजिनाच्या झाकणातून ओतलं आणि काळ्या मुठीची पट्टी बुडवून पाहिली. कोरडी ठाक. पुसून पुन्हा बुडवली. कोरडी. तेल अजून झिरपत असणार, गुरुत्वाकर्षणालाही वेळ लागतो, असा निष्कर्ष काढून त्यांनी पाचवा लिटरही ओतला. पट्टी बधली नाही. तेव्हा पट्टीच सदोष, हा एकच निष्कर्ष उरला. नाचता येईना, अंगण वाकडं.

पावणेदहाला बायको फाइल घेऊन गाडीत बसली. प्राध्यापकांनी किल्ली फिरवली. इंजिन घोगरं घोगरं सुरू झालं आणि मागून निळा धूर निघाला. त्यांनी गिअर टाकला. इंजिन ओरडलं, गाडी जागची हलली नाही. मागचा गिअर टाकला. तिकडेही जायची तिची इच्छा दिसेना.

"थंड असेल," प्राध्यापक म्हणाले.

"मघाशी तुम्हीच तापवलीत ना?"

एवढं बोलून ती उतरली आणि तिने फोन लावला. "दादा, स्कूटर घेऊन ये. हो, सोंडच. ये लवकर."

दादा बारा मिनिटांत आले. बहिणीने त्यांच्या डोक्यावरचं हेल्मेट काढून स्वतःच्या डोक्यावर चढवलं, फाइल डिकीत टाकली, किल्ली घेतली आणि निघून गेली. नवऱ्याकडे तिने पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर बरं, असं प्राध्यापकांना वाटून गेलं.

दादांनी पिंपात बोट बुडवलं, वास घेतला, बोट पुसलं.

"भाऊजी, हे कुठून काढलंत?"

"इंजिनातून."

"हे गिअरचं तेल आहे. ऑटोमॅटिक गाडी याच्याशिवाय जागची हलत नाही. मागची पट्टी गिअरची, पिवळी इंजिनाची."

"दोन पट्ट्या ठेवायच्याच कशाला? ही रचनाच दिशाभूल करणारी आहे."

"खरंय. बनवणाऱ्यांनी तुम्हाला विचारायला हवं होतं." दादांनी पिवळी पट्टी उपसली. तेल मुठीपर्यंत चढलेलं होतं. "आत नऊ लिटर आहे. जागा चारची."

"पण आधीचं जुनं झालं होतं, तेव्हा तत्त्वतः..."

"किल्ली फिरवू नका फक्त. तत्त्वतः काय ते फिरवा."

दादा गाडीखाली शिरले. प्राध्यापक सरळ ताठ उभे राहून त्यांना पाने देत राहिले. सतरा नंबर मागितला तर चौदा, चौदा मागितला तर सतरा. जादाचं तेल खालून, बोल्ट सोडून, कोपरावरून ओघळत बाहेर आलं.

"हे बघा," खालून दादांचा आवाज आला, "इंजिनाचंही चांगलंच दिसतंय. होतं तसं का नाही राहू दिलंत?"

"बदलायची वेळ झाली होती."

"कोण म्हणालं?"

प्राध्यापकांनी आठवून पाहिलं. कोणीच म्हणालं नव्हतं. यंत्र आलं होतं, एवढंच.

तेवढ्यात फोन वाजला. बायको होती. पोचली होती, दहा मिनिटं हाताशी होती, आणि तिला दादाशी बोलायचं होतं. दादांनी गाडीखालून एक हात बाहेर काढून फोन घेतला. "हो. नाही. सांगतो. तू नीट उत्तरं दे."

मग ते बाहेर आले, हात पुसले, आणि पुढच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यापाशी गेले. तिथे कॉलेजच्या वाहनतळाचा गोल, सोनेरी कडेचा, 'प्राध्यापकवर्ग' असं छापलेला कागद चिकटवलेला होता. तो प्राध्यापकांनी गेल्या महिन्यात स्वतःच्या हाताने लावला होता, कारण त्या जागी आधी गॅरेजचं एक तेलकट लेबल होतं आणि ते शोभत नव्हतं.

दादांनी नखाने कागदाची कड उचलली आणि तो हळूच सोलला. खालचं लेबल शाबूत होतं. दादांचंच अक्षर. पुढचा तेलबदल: बासष्ट हजार किलोमीटर.

गाडी छप्पन हजार चारशे चालली होती.