कोरा फाया

लॅबला निघताना अब्बा रोज माझ्या कानात कोरा फाया ठेवायचे. अत्तरवाल्याच्या घरातून कुणी फायाशिवाय बाहेर पडत नाही, आणि आमच्या लॅबमध्ये तर सुगंधी साबणालाही बंदी. त्यावर हा त्यांनीच काढलेला तोडगा. सात वर्षं रोज अत्तर न लावलेला नुसता कापूस, आणि "जा, नूर."

आम्ही वांग्यातल्या अळीच्या पतंगांवर काम करतो. मादीच्या पोटाच्या टोकाशी एक ग्रंथी असते. चरबीतलं सोळा कार्बनांचं आम्ल तिथे घडतं, अकराव्या कार्बनाशी एक दुहेरी बंध पडतो, मग त्या आम्लाचा अल्कोहोल होतो आणि त्याचं ॲसिटेट. तो तिचा गंध. बंध एक घर चुकला तर नर फिरकत नाही. पतंगांची रात्र आमच्या दुपारी पडावी म्हणून खोलीतले दिवे उलट्या वेळेला लावतात.

त्या मंगळवारी बारा वाजता अंधार केला. वाऱ्याच्या बोगद्यात एका टोकाला मादीच्या ग्रंथीचा अर्क, दुसऱ्या टोकाला नर. एकही नर सरळ उडाला नाही. आमच्या प्रमुख विजयमाला मॅडम दारातच थांबल्या.

"नूरबानू, प्रयोगाला आलात की कुणाच्या लग्नाला?"

मी चिडले. कोरा फाया दाखवावा म्हणून कानातून काढला, तर बोटं तेलकट झाली. हिन्याचं अत्तर होतं.

मला ते कळलंच नव्हतं. आमच्या घराच्या भिंतींनाही हिन्याचा वास. त्यात वाढलेल्या नाकाला तो येत नाही. पण अब्बा? ते तर हिन्यातले चार प्रकार बूच काढताक्षणी सांगायचे. त्यांची बोटं सदा तेलकट, हाताला फरक कळणार नाही, पण नाकाला? आधी मॅडमचा राग आला होता, आता नुसती भीती वाटली.

संध्याकाळी रविवार पेठेतल्या दुकानात गेले. गल्ल्यावर शटरची किल्ली काढून ठेवलेली.

"अब्बा, कधीपासून?"

त्यांनी उगाच "काय?" म्हणून विचारलं नाही. "त्या तापात वास गेला, तो परत आलाच नाही. आठ महिने झाले. जुना माल होता तोवर विकला. काल पहिल्यांदा नवं हिना मिसळलं, हाताच्या सवयीने. जमलं की नाही, अल्लाला ठाऊक. उद्या जागामालकाला किल्ली देतो. लोकांना फसवणार नाही मी."

आठ महिने मी त्यांच्यासमोर जेवत होते आणि मला दिसलं नव्हतं. मी तिथेच रडले.

"तुझी ती मादी," ते जरा वेळाने म्हणाले, "तिला स्वतःचा वास येतो?"

"बहुतेक जातींत जवळजवळ नाहीच."

"मग बरोबर झालाय हे तिला कसं कळतं?"

"नाही कळत. ती आपली करते. नर आला की झालं."

त्यांनी नवी बाटली पुढे केली. मी पुन्हा पुन्हा हुंगलं. "मला नाही सांगता येत, अब्बा. मी तुमच्याच घरातली."

तेवढ्यात तुळजाबाई आल्या. त्यांचे यजमान जन्मभर अब्बांचंच हिना लावायचे. ते गेल्यापासून बाई दर महिन्याला एक फाया नेऊन त्यांच्या उशीखाली ठेवतात.

"बाई, आज नवं आहे," अब्बा म्हणाले. "आधी वास घ्या. आणि खरं सांगा."

तुळजाबाईंनी फाया नाकाशी धरला. अब्बा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. बाईंनी डोळे मिटले, मग पदर तोंडाशी नेला.

"हेच, मैनुद्दीनभाई. आत्ता हे दारातून आत आल्यासारखे वाटले हो."

अब्बांनी किल्ली उचलून खिशात टाकली. ते बाईंचा फाया बांधायला लागले, बाटलीचं बूच मी लावलं.