टपालगाडीची सीट

माझ्या बायकोला दागिन्यांचा सोस नव्हता, भंगाराचा होता. सुट्टीच्या दिवशी लोकांच्या बायका आणखी कुठे कुठे जात असतील. माझी शहराबाहेरच्या भंगाराच्या आवारात जायची आणि येताना पिशवीतून दाराची कडी, बिजागरी, कुठल्याशा मेलेल्या गाडीचा वायपर घेऊन यायची. नोकरी हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. दिवसभर माणसांच्या आत काय मोडलंय ते बघायचं आणि संध्याकाळी गाडीच्या. मी फोटोच्या फ्रेमा बनवतो. गाडीतलं मला इतकंच कळतं, की दार उघडून आत बसायचं असतं. “गाढवाला गुळाची चव काय,” ती म्हणायची. मी म्हणायचो, “गूळ असता तर कळली असती.”

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिची ती जुनी गाडी उभी असायची. धड एका गाडीचं, दारं दुसरीची, आरसे तिसरीचे. ड्रायव्हरची सीट तर चक्क टपालगाडीतली होती. त्याचं कारण असं, की बायको उंचीनं बेताची. मूळच्या सीटवर बसली की स्टिअरिंगच्या वर नुसतं कपाळ दिसायचं. भंगारातल्या एका टपालगाडीची सीट तिला पसंत पडली. उंच, अरुंद, करड्या रेक्झिनची आणि दिसायला अगदी सुमार. ती सीट गाडीतल्या सरकत्या पट्ट्यांवर काही केल्या बसेना, तेव्हा तिनं गाडीच्या तळालाच भोकं पाडली आणि सीटखाली लोखंडी पट्टी जोडून ती बोल्टनं घट्ट आवळून टाकली. मागेपुढे सरकायचा प्रश्नच नव्हता. क्लचपर्यंत पाय पोचेना, म्हणून मी फ्रेमच्या लाकडाचा एक ठोकळा करून पेडलवर बसवून दिला. त्या गाडीत माझं कर्तृत्व तेवढंच.

एका सकाळी ती ओट्याशी उभी असताना खाली बसली आणि गेली. गॅसवर दूध होतं. मी आधी गॅस बंद केला, मग डॉक्टरांना फोन केला, मग लेकीला. ह्याच क्रमानं. दूध उतू गेलं नाही.

नंतरच्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. लोक आले, बसले, गेले. मी दुकान उघडत होतो, काच कापत होतो, वेळेवर जेवत होतो. रडू आलं नाही. लोकांना वाटलं, माणूस खंबीर आहे. खंबीर कसला, मला काही वाटतच नव्हतं. तिचे कपडे कपाटात होते, चप्पल दारात होती, आणि ती हॉस्पिटलातून यायला उशीर झाल्यासारखं घर चाललं होतं. ती गेली आहे हे मला माहीत होतं, पण ते एखाद्या दूरच्या शहराची लोकसंख्या माहीत असावी तसं.

फक्त शेडमध्ये निराळं होतं. एकदा संध्याकाळी मी सहज गाडीत, माझ्या नेहमीच्या डाव्या बाजूला जाऊन बसलो. शेजारी ती करडी सीट. माझ्या सीटच्या हातभर पुढे, जवळजवळ स्टिअरिंगला चिकटलेली, मधे बसून बसून खोलगट झालेली. तिच्याकडे बघितलं आणि आत काहीतरी हललं. बारीकसंच. इथे ती बसायची आणि आता बसणार नाही, हे त्या एका जागी मला खरं वाटलं. घरात आलो की पुन्हा सगळं बधिर. मग मी रोज जाऊन बसायला लागलो. दुखतंय का ते बघायला किडका दात जिभेनं चाचपावा, तसा.

जुन्या गाड्या जुळवणाऱ्यांची तिची एक टोळी होती. त्यांचा म्होरक्या म्हणजे कार्ब्युरेटर. हे नाव तिनंच ठेवलेलं, कारण कुठल्याही विषयावर बोलायला लागला तरी तो तिसऱ्या वाक्याला कार्ब्युरेटरवर यायचा. लांबडा, वाकलेला, नखांत कायम काळं. तिला ताई म्हणायचा, म्हणून मी भाऊजी. तो एक दिवस दोघांना घेऊन आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, “भाऊजी, आमच्यात एक रीत आहे. आपल्यातलं कुणी गेलं, तर त्याची अर्धी राहिलेली गाडी बाकीच्यांनी पुरी करायची. ताईंनीसुद्धा दोघांच्या केल्यात. किल्ली देता?”

मी म्हणालो, “करा काय करायचं ते.”

तेव्हा मी सगळ्यालाच असं म्हणत होतो. लेक फोनवर म्हणाली, “बाबा, घर बंद करा आणि माझ्याकडे या,” तर तिलाही तेच सांगितलं. तिनं लगेच पुढच्या महिन्याची सुट्टी टाकली.

गाडी बरेच दिवस त्यांच्याकडे होती. एका दुपारी तिघं ती चालवत घेऊन आले. मला ओळखूच आली नाही. गर्द निळा रंग, आरशासारखी चकाकी, चारही दारं सारखी. कार्ब्युरेटरनं लग्नघरच्या माणसासारखा नवा शर्ट घातला होता. त्यानं ड्रायव्हरचं दार उघडलं आणि बाजूला झाला. आत मूळच्यासारखी सीट होती. रुंद, लाल, कंपनीतून निघाली असेल तशी.

“त्याच वर्षातली, त्याच मॉडेलची,” तो म्हणाला. “हिच्यासाठी चार गावं पालथी घातली भाऊजी. आणि खाली बघा. ताईंनी तळाला भोकं पाडली होती ना? वेल्डिंगनं भरली, घासली, रंग दिला. बोट फिरवून बघा, कळणार नाही.”

मी बोट फिरवलं. कळलं नाही.

ह्या मंडळींचं हेच असतं. गाडी अशी करायची, की तिला कधी काही झालंच नव्हतं असं वाटावं. त्यांच्या दृष्टीनं त्यांनी तिचा मान राखला होता. क्लचवरचा ठोकळाही काढून टाकला होता. त्याचं काही नाही, तसे दहा करीन. पण तिची जागा त्यांनी पुसून टाकली होती, आणि तीही इतक्या प्रेमानं, की तोंड उघडायची सोय नाही. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. मी म्हणालो, “छान झालीय.” कार्ब्युरेटरनं तोंड फिरवून डोळे पुसले. मला त्याचा हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी गाडीत जाऊन बसलो. शेजारी लाल सीट. अर्धा तास बसलो असेन, आत काही म्हणजे काही हललं नाही. तेव्हा मात्र मी घाबरलो. ते एक दुखणं होतं, तेही गेलं तर माझ्यापाशी तिचं काय राहिलं? आता लेकीकडे जाईन, तिथे जेवीन, झोपेन आणि मरेपर्यंत बायको हॉस्पिटलातून यायची वाट बघत राहीन.

दुकानाला कुलूप घालून मी भंगाराच्या आवारात गेलो. आयुष्यात पहिल्यांदाच. तिथे गाडी आली की तिचे भाग सुटे करतात आणि दारं दारांत, काचा काचांत, सीटा सीटांत टाकतात. कुठल्या गाडीचं काय, ते कुणी लक्षात ठेवत नाही. मालकानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तुम्ही मॅडमचे मिस्टर? त्या म्हणायच्या, आमच्या ह्यांना स्क्रू डावीकडे फिरवायचा की उजवीकडे तेही माहीत नाही.”

“आवळायचा उजवीकडे, एवढं आता माहीत झालंय,” मी म्हणालो. “टपालगाडीची सीट आणून टाकलीय का कुणी?”

“ती काय, त्या ढिगात. पण आता नवी बसवली ना? जुनी कशाला?”

मी ढिगाकडे वळलो. ढिगात टपालगाडीच्या तीन सीटा निघाल्या, तिन्ही करड्या. एका सीटखाली मात्र तिनं जोडलेली लोखंडी पट्टी होती, चार बोल्टांची. मालकानं ती स्वतः टेम्पोत चढवली आणि पैशांचं विचारलं तर हात जोडले.

घरी पोचलो तर लेक आलेली. टेम्पोतून उतरणारी ती सीट तिनं बघितली आणि माझ्याकडे बघितलं. माझं डोकं फिरलंय असं तिला वाटलं असणार.

“बाबा, आपल्याला इथून सामान न्यायचंय. तुम्ही आणताय कुठे?”

“कार्ब्युरेटरला फोन लाव,” मी म्हणालो. “त्याला म्हणावं, पाने घेऊन ये.”

तो आला. सीट बघून त्याला कळलं आणि चेहरा उतरला. मी एकदाचं सांगून टाकलं. “तुम्ही गाडी सुरेख केलीत. पण ती आता तुमच्या ताईंची राहिली नाही. कुणाचीच राहिली नाही. मला ही सीट परत हवी, होती तिथे.”

लाल सीटवरून त्यानं एकदा हात फिरवला. त्यानं सीटसाठी चार गावं पालथी घातली होती. मग म्हणाला, “मी गाडी ताईंसाठी करत होतो. तुम्हाला विचारायचं राहिलंच.” आणि लाल सीटचे बोल्ट सोडायला बसला.

पण करडी सीट आत ठेवली, तेव्हा तो अडला. “भाऊजी, कुठे आवळू? भोकं तर मीच बुजवली. फोटोबिटो काढायचं सुचलं नाही हो. बोटभर इकडेतिकडे चालेल का?”

“नाही.”

“मग नेमकी कुठे होती?”

मला सांगता येईना. आयुष्यभर त्या सीटशेजारी बसलो आणि ती कुठे होती ते मला माहीत नव्हतं. हातभर पुढे, एवढंच. मी माझ्या जागेवर जाऊन बसलो, नुसताच. लेक दाराशी उभी होती. तिचा बांधा अगदी आईचा. तीही बेताची, तेच आखूड हात.

“तू बस,” मी म्हणालो.

“मी?”

“बस. आणि दुसरा गिअर टाक.”

ती बसली. गाडी बंदच होती. तिनं क्लच दाबायला पाय लांब केला, जेमतेम पोचला. मग गिअर मागे ओढला. तिचा हात मोकळाच गेला.

“पुढे घे,” मी कार्ब्युरेटरला म्हणालो. त्यानं मागून सीट ढकलली. “पुन्हा टाक.”

“बाबा, तुम्ही काय शोधताय?”

“टाक तू.”

ते मला कधी कुणाला सांगावंसं वाटलं नव्हतं, कारण ती तक्रार होती. गल्लीच्या टोकाला वळण यायचं, ती दुसरा गिअर टाकायची आणि तिचं कोपर दर वेळी माझ्या हाताला, मनगटाच्या जरा वर, एकाच जागी लागायचं. दर वेळी मी म्हणायचो, जरा बघून. दर वेळी ती म्हणायची, मग मागे बसत जा. मी मागे कधी बसलो नाही.

“अजून पुढे.”

कोपर मनगटाच्या खाली लागलं. “जास्त झालं. मागे. थोडं.” कार्ब्युरेटर घामाघूम झाला होता, तरी सीट ढकलत होता. लेकीनं आता विचारणं सोडलं होतं. ती गिअर पुढे न्यायची, मागे ओढायची. मी डोळे मिटून हात मांडीवर ठेवला होता.

मग ते लागलं. मनगटाच्या जरा वर, हाडावर, बरोब्बर.

“इथे,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. “हलवू नका. खूण करा.”

खाली खडू घासल्याचा आवाज आला. मी डोळे उघडले.

“आई गेली गं,” मी लेकीला म्हणालो.

त्या सकाळी फोनवर मी तिला हेच शब्द सांगितले होते. तेव्हा ती बातमी होती. हे तुम्ही मला एकदा सांगितलंय, असं लेक म्हणाली नाही.

“हो बाबा,” ती म्हणाली. मी मोठ्यानं रडायला लागलो, तरी तिनं कोपर तिथून हलवलं नाही.