स्क्रूचा अर्धा फेरा

गल्लीत सगळे त्याला वस्ताद म्हणत, आणि तीस वर्षं तो त्या नावाला जागला होता. गाडी दारात थांबायच्या आत तिचं दुखणं त्याला आवाजावरून कळायचं. कार्बोरेटर खोलायचा, जेट फुंकायचा, स्क्रू फिरवून उभ्या गाडीच्या इंजिनाची रेस लावायची, की गाडी गुणी पोरीसारखी निघायची. पण आता इंजेक्शनच्या गाड्या आल्या होत्या. हवा किती आणि पेट्रोल किती, हे ठरवायला त्यांच्या आत कॉम्प्युटर बसला होता. गिऱ्हाइकं कंपनीच्या सर्व्हिसला जात आणि वस्ताद दिवसभर माश्या मारत बसे.

निदान घरची गाडी तरी आपल्या हाताखाली राहील, एवढीच काय ती आशा उरली होती. लेकीनं स्कूटर घेतली, तीही नेमकी इंजेक्शनचीच. "बाबा, हिला तुम्ही हात लावायचा नाही हं," ती हसत म्हणाली. त्याला ते चांगलंच झोंबलं.

मग एका गारठलेल्या सकाळी तिनं गाडी चालू केली आणि डबा आणायला आत गेली. रेस वाढलेली होती. गार इंजिनावर ही गाडी आपली आपणच रेस वाढवते आणि तापली की उतरवते, हे वस्तादाच्या गावीही नव्हतं. एवढी मोठी कंपनी आणि साधी रेस लावता येत नाही! कुणी फिरवू नये म्हणून रेसच्या स्क्रूवर लावलेला रंग त्यानं खरवडला आणि स्क्रू अर्धा फेरा सैल केला. काय सुरेख आवाज आला! कितीतरी महिन्यांनी त्याची छाती फुगली.

तापल्यावर रेस आणखी उतरली आणि गाडी प्रत्येक सिग्नलला बंद पडू लागली. मोठ्या चौकात तर मागून आलेला ट्रक तिच्यापासून हातभर अंतरावर कसाबसा थांबला. लेकीनं गाडी ढकलत घरी आणली आणि काय झालं ते सांगितलं. त्यानं सगळं कबूल केलं. दोघांनी मिळून गाडी सर्व्हिसला नेली.

तिथल्या टेक्निशियननं मशीन जोडलं, वाकून स्क्रू पाहिला आणि कपाळाला हात लावला. "मॅडम, हा कुणी फिरवला?"

वस्ताद पुढे होऊन बोलणार, तोच लेकीनं त्याचं मनगट घट्ट धरलं.

"रस्त्यावरचा होता कुणीतरी मेकॅनिक," ती म्हणाली. "नाव नाही आठवत."

बापाची अब्रू राखायला बोलली होती ती, हे त्याला कळत होतं. तरी तीस वर्षांत कुणाच्या शिव्यांनीही तो इतका मोडला नव्हता.

टेक्निशियन त्याच्याकडे वळला. "काका, असल्यांच्या हाती गाडी देऊच नये."

"खरंय," वस्ताद म्हणाला. "काही येत नाही हो त्यांना."