टपालाने येणारं पोट

माझी आत्या पोटाची डॉक्टर. तिने पाटी लावून दवाखाना उघडला, तर लोक पाटी वाचायचे आणि सरळ पुढच्या गल्लीतल्या डॉक्टरकडे वळायचे. बाईला पोट कोण दाखवणार! मग आत्याने वर्तमानपत्रात जाहिरात दिली : पोटाच्या तक्रारींवर टपालाने सल्ला. खाली आद्याक्षर आणि आडनाव, बस्स. पोस्टमन वैतागला इतकी पत्रं! करपट ढेकर, मुरडा, पोटात गुबारा, आणि सगळ्यांची सुरुवात एकच : "आदरणीय डॉक्टरसाहेब".

"अगं, कळव ना त्यांना, तू साहेब नाहीस म्हणून," मी म्हणायचे.

"विचारलंय का कुणी? विचारतील तेव्हा सांगेन."

शाळा सुटली की मी पत्रं मोठ्याने वाचायचे आणि आत्या सांगेल ते उत्तर लिहायचे. तिचं अक्षर औषधवाल्यालाही लागत नाही, माझं मात्र सुरेख आहे (बाईंनी वर्गात तसं सांगितलंय). आत्याचा एक नियम होता. रोग्याने आरशासमोर बसून स्वतःच्या जिभेचं चित्र काढून पाठवायचं, पांढरा थर असेल तिथे रेघा मारायच्या. बहुतेकांच्या जिभा चपलेसारख्या यायच्या. पण दूरच्या गावातले एक घड्याळजी होते, त्यांची जीभ अशी की एकेक चीर मोजून घ्यावी! मी त्यांना जीभकाका म्हणायचे. ते एकटेच राहायचे आणि पोटाबद्दल असं लिहायचे, जणू घरात एक तापट पाहुणा येऊन बसलाय. "काल दूध दिले, स्वारी खूश होती. आज भाकरी पाहताच आकांडतांडव."

त्या दिवशीही जीभकाकांचं पत्र मी हसत हसतच वाचायला लागले. "शौचास डांबरासारखे काळे होते. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. चित्र नीट जमले नाही, क्षमस्व."

आत्या उठून उभी राहिली. "आत रक्त जातंय गं त्यांच्या. पोस्टात पळ, तार कर. ताबडतोब इस्पितळात जा म्हणावं."

उलट तार आली : इस्पितळ नको. भाऊ तिथेच गेला. उपाय कळवावा.

"कळवावा म्हणे!" आत्याने पिशवीत सामान कोंबलं. "चल. सोबत हवी मला."

"पण तुला बघितल्यावर त्यांना कळेल. ते चार जणांना सांगतील. मग पत्रं बंद झाली तर?"

"झाली तर झाली," ती म्हणाली, पण गाडीत मात्र महिन्याला किती पत्रं येतात ते बोटांवर मोजत होती.

जीभकाकांनीच दार उघडलं. माणूस खडूसारखा पांढरा. "डॉक्टरसाहेब मागून येतायत का?"

"मीच डॉक्टर."

त्यांनी आधी आत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काय काय लिहिलं होतं ते एकेक आठवत गेलं असणार, कारण त्या पांढऱ्या चेहऱ्यावरही लाली चढली. "अरे देवा," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं. कडी वाजली.

आत्याने दार ठोठावलं, समजावलं, रागावली. आतून एवढंच : "जा हो बाई. कृपा करून जा."

मी पायरीवर बसले आणि विचार करत राहिले. या माणसाने आत्याला जे सांगितलं होतं ते सख्ख्या भावालाही सांगितलं नसेल. तेव्हा मधे कागद होता. कागदाला तोंड नसतं, तो लाजवत नाही. मग मी दप्तरातून वही काढली.

"आत्या, तू सांग. मी लिहिते."

ती दारापासून मागे सरली. मग खाली बसली आणि हळू आवाजात सांगू लागली. मी नेहमीच्या अक्षरात लिहिलं : "आपले पत्र पोचले. पोटातील जखमेतून रक्त जात आहे. घरी उपाय नाही. इस्पितळात मी स्वतः आपल्याजवळ थांबेन. उत्तर त्वरित कळवावे." कागद दाराखालून सरकवला.

आत्या नखं खात होती, मला म्हणते खाऊ नकोस! मग तोच कागद परत आला. मागे पेन्सिलीने वाकडंतिकडं लिहिलं होतं : "आदरणीय डॉक्टर, भावाजवळ कुणी नव्हते. आपण खरेच थांबाल?"

"साहेब" नव्हतं.

"लिहू?" मी विचारलं.

"नको," आत्या म्हणाली आणि दाराला तोंड लावून ओरडली, "थांबेन! तुम्ही कंटाळाल इतकी थांबेन! आता कडी काढा!"

कडी निघाली. आम्ही दोघींनी त्यांना धरून घोडागाडीत बसवलं. ते बाहेरच बघत होते, आत्याकडे नजर वळवायची काही हिंमत होईना. आत्याने त्यांचं मनगट धरलं. इतक्या वर्षांच्या रोग्याची नाडी तिच्या हाताला पहिल्यांदाच लागत होती. ती ओठ हलवत ठोके मोजू लागली. मोजून झाले तरी तिने हात सोडला नाही, आणि त्यांनीही ओढून घेतला नाही.