सुचित्राताईच्या हळदीचा बेंजो

"बाबा, तुम्हाला हळू वाजवता येतं का?"

दिशाने हे विचारलं भर तालमीत. आणि विचारलं कुणाला, तर अजित मास्तरांना, ज्यांचा बेंजो लालबागला सुरू झाला की परळच्या पुलावरची कबुतरं उडतात! ढोलकीवाल्या राजेशकाकाची थाप अर्ध्यातच अडकली. दाराआड तिच्या मैत्रिणी प्रिती आणि सीमा तोंडात ओढणी कोंबून वाकल्या होत्या. पैज त्यांचीच. "सगळ्या बेंजो पार्टीसमोर विचारून दाखव, तर मानलं!"

"येतं की," बाबा म्हणाले. "लाइट गेली की आपोआप हळू वाजतो."

सगळी पार्टी खो खो हसली. दिशाही हसली, पण जागची हलली नाही. पैज जिंकून झाली होती, आता तिचं खरं काम सुरू होत होतं.

काम होतं सुचित्राताईचं. ही शांताआत्याची मुलगी, पंधरा दिवसांनी तिचं लग्न. ताईला आवाज टोचतात. ताटावर चमचा घासला तरी तिचे दात शिवशिवतात. डॉक्टरांनीही सांगितलंय, हे नखरे नव्हेत, तिला आवाज इतरांपेक्षा खरोखरच जास्त बोचतो. साखरपुड्याला स्पीकर सुरू झाले तशी ती बाथरूममध्ये गेली आणि पाऊण तास कानात बोटं घालून आत बसली. बाहेर बायका कुजबुजल्या, "मुलगा पसंत नाही वाटतं." दारापाशी राखण करत बसलेल्या दिशाला तेव्हा असा राग आला होता की बस. आता ताईने जाहीर केलं होतं, हळदच नको. आणि आत्या डोळ्यांना पदर लावून सगळ्यांना विचारत होती, "बेंजोशिवाय हळद? ती हळद आसा काय कुणाचा बारावा?"

ताईला तर हळद हवी होती. पिवळी साडी आणून कपाटात ठेवली होती तिने. दिशाने बघितली होती.

म्हणून त्याच दुपारी दिशाने ताईला घरी आणून बसवलं आणि तिला कुठलं वाद्य चालतं याची परीक्षा सुरू केली. पहिला नंबर आईचा. आईने फोनवर मोठ्या विश्वासाने बासरी लावली, मागे झरा आणि कोकीळ. नऊ सेकंदांत ताईने फोन पालथा घातला.

"मामी, बासरी सुईसारखी आत जाते गं. आणि ती कोकीळ पुन्हा कधी ओरडेल म्हणून मी जीव मुठीत धरून बसते."

"बासरीने त्रास होणारी तू पहिलीच बाई," आई पुटपुटली.

संतूर लावलं. "कुणीतरी चमच्यांचा ट्रे पाडला," ताई म्हणाली. सतार बरी चालली होती, पण मध्येच ती धावत सुटली आणि ताईने उशी कानावर घेतली.

"मग फ्रीज ऐक," प्रिती वैतागून म्हणाली.

"फ्रीज छान वाजतो," ताई अगदी मनापासून म्हणाली.

पोरी हसून हसून आडव्या झाल्या, पण दिशाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सूर खालचा हवा आणि पुढे काय येणार ते आधीच माहीत हवं. अचानक काही म्हणजे काही नको!

तिने बाबांच्या बेंजोची वायर उपटली, स्पीकर बंद. तारांवर मारायच्या कडक पट्टीऐवजी तिने जुन्या रबरी चपलेचा तुकडा कापून बाबांच्या हातात ठेवला.

"मास्तर, खालच्या पट्टीत एक ओळ. तीच. परत परत."

"चपलेने वाजवू? माझ्या बापाने, कुशाबा मास्तरांनी, बघितलं असतं तर..."

"भाचीसाठी, बाबा."

बाबांनी वाजवलं. आणि काय सांगायचं! तोच बेंजो, पण मांजर घुरघुरतंय असा. एकदा झालं, दोनदा झालं, ताईचे खांदे खाली आले. चौथ्यांदा तिने डोळे मिटले. पाचव्यांदा बाबांची बोटं सुर्रकन वर पळाली, एक गिरकी घेऊन खाली आली, आणि ताई कान झाकून उभी!

"बाबा!"

"सवय गं, बाय. हरकत घेतल्याशिवाय ओळ नागडी वाटते मला."

पुन्हा सुरू. सहाव्या फेरीला पुन्हा गिरकी. तिसऱ्यांदा तर बाबांनी ओठ दाबून धरले, कपाळावर घाम आला, पण बोटांनी दगा दिलाच. बाबा चिडले. "अर्धा तास एकच ओळ? मी कलाकार आहे की फ्रीज?"

ताई पर्स उचलून म्हणाली, "राहू दे, मामा. नकोच हळद." आवाज साधा होता, पण ती दाराकडे बघतच म्हणाली.

दिशाने बेंजो स्वतःच्या मांडीवर ओढला. लहानपणी बाबांनी तिला एक ओळ शिकवली होती आणि दुसरी येईना म्हणून नाद सोडला होता. गिरकी तिला घ्यायची म्हटली तरी आली नसती. तिने ती ओळ वाजवली. मग तीच वाजवली. मग तीच. सीमा मोजत होती. बाराव्यांदा ताई खाली बसली. विसाव्यांदा तिने पर्स बाजूला ठेवली. सव्विसाव्यांदा डोळे मिटूनच म्हणाली, "यात मला कुणी हळद लावली तर चालेल."

आई म्हणाली, "चला, पार्टीतल्या निमेशला बोलवू मग. तोही बेंजो बरा वाजवतो."

"निमेशदादा गिरक्या घेतो," दिशा म्हणाली. तिने रबराचा तुकडा खिशात घातला आणि दोघांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"आई, बाबा, ऐका. ताईच्या हळदीला बेंजो मी वाजवणार. पार्टीत आजवर मुलगी नव्हती, आता आहे. शेवटच्या बाईची हळद लावून झाल्यावर ताई रात्री शांत झोपायला माटुंग्याला तिच्या मावशीकडे निघेपर्यंत एकही स्पीकर लागणार नाही. मग हवा तेवढा धिंगाणा घाला. आई, पार्टीचा टी-शर्ट माझ्या मापाचा हवा. आणि बाबा, तुम्ही माझ्या शेजारीच बसायचं, पण दोन्ही हात मांडीखाली दाबून!"