ऐकणारा पाठमोरा

सखुबाईंना नळी हवी की नको, एवढंच डॉक्टरांना जाणून घ्यायचं होतं. स्नायूंच्या आजाराने त्यांचं गिळणं संपत आलं होतं. पोटात नळी बसवली असती तर काही महिने मिळाले असते. निर्णय त्यांनीच घ्यायचा होता, कारण बुद्धी शाबूत होती. जीभ तेवढी राहिली नव्हती.

"आई हो म्हणते," मुलाने, प्रितमने सांगितलं. "सकाळीच बोलली."

घाटकोपरच्या त्या दवाखान्यात इरावती वाचा-उपचार करायची. सखुबाईंच्या बोलण्याबद्दल तिच्या आधी हे काम करणाऱ्या बाईंनी एकच विशेषण लिहून ठेवलं होतं: इंटेलिजिबल. कोशात त्याचा अर्थ सोपा आहे, सहज कळेल असं. पण हा शब्द एकटा लिहायचा नाही, असं इरावतीला शिकवलं होतं. कुणाला कळतं, तेही लिहायचं. आणि ऐकणाऱ्याला विषय आधीच ठाऊक असता कामा नये.

"प्रितम, भिंतीकडे तोंड करून बसा. आई चित्र बघून नाव सांगतील, तुम्ही ओळखायचं."

"मॅडम, माझी आई आहे ती. माहुलला मासळी विकायला बसायची तेव्हा तिची हाक अख्ख्या गल्लीला ऐकू जायची. मला नाय कळणार?"

"याला बायकोने स्पष्ट बोललेलं कळत नाय," त्याची बायको कल्पिता म्हणाली. सखुबाईंचे डोळे हसले.

इरावतीने छत्रीचं चित्र धरलं. सखुबाईंनी श्वास गोळा केला. नाकातून ओला, सपाट आवाज आला.

"पाणी," प्रितम म्हणाला.

पुढचं चित्र मांजराचं.

"चहा."

मग घड्याळाचं.

"कूस बदलायचीय तिला."

पहिल्या उत्तराला कल्पिता हसली होती. चित्रं तिला दिसत होती. आता ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"मघाशी हसलीस ना? तू बस मग," प्रितम वळून म्हणाला.

ती भिंतीकडे तोंड करून बसली. होडीच्या चित्राला ती म्हणाली, "औषध." कावळ्याला, "पंखा लावा." पुढच्या चित्राला ती उठून उभी राहिली.

इरावतीने चित्रं बाजूला ठेवली आणि खुर्ची सखुबाईंच्या समोर ओढली. उजव्या हाताचा अंगठा अजून उचलता येत होता.

"हो असेल तर अंगठा उचला. तुमचं नाव सखुबाई?"

अंगठा उचलला गेला.

"तुम्ही बोरीवलीला राहता?"

अंगठा हलला नाही. दोन्ही उत्तरं बरोबर होती.

"पोटात नळी बसवायची?"

अंगठा चादरीवरच राहिला.

"नको?"

उचलला गेला.

"तिला प्रश्न नसेल कळला," प्रितम म्हणाला. "उलटा करून विचारा."

इरावतीने उलटा विचारला. मग शब्द बदलून विचारला. नळी नसेल तर काय होईल, तेही सांगून विचारलं. उत्तर बदललं नाही.

प्रितम पलंगाशी खाली बसला. "आई, मग सकाळी काय म्हणालीस गं? आणि इतके दिवस?"

सखुबाई बोलू लागल्या. वाक्य लांब होतं. मध्ये दम घ्यायला त्या दोनदा थांबल्या, पण नजर मुलावरून काढली नाही.

"आई म्हणतायत की..." कल्पिता सवयीने बोलून गेली आणि तिथेच थांबली.

सखुबाईंनी जरा वाट पाहिली आणि तेच पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.